यूव्हीच्या पेटीतला एन-९५: केव्हा ठेवावा, केव्हा टाकून द्यावा

एन-९५ मास्क पुन्हा वापरण्यासाठी अतिनील दिव्याखाली ठेवावा का, याचं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. नवा मास्क मिळत असेल तर ठेवू नका, नवा वापरा. मिळत नसेल तर ठेवा. पण दिवा, पेटी आणि ती चालवणारा माणूस असे तिन्ही भरवशाचे असतील तेव्हाच.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यावर ही वेळ येऊन गेली आहे. २८ मार्च २०२० रोजी बुलढाण्यात कोरोनाचा पहिला मृत्यू झाला. त्याच वर्षी टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने बुलढाण्याच्या सरकारी रुग्णालयात शंभराहून अधिक खाटांची कोविड व्यवस्था उभी राहिली. खाट वाढली की तिच्यामागे डॉक्टर, परिचारिका, कक्षसेवक, सफाई कामगार आणि क्ष-किरण तंत्रज्ञ वाढतात. प्रत्येकाला पाळीला एक मास्क धरला तरी दिवसाचा खप कुठे जातो ते कळतं. जगभर मास्कचा दुष्काळ असताना ‘यूव्हीत ठेवा आणि परत वापरा’ हा सल्ला मोबाइलवरून गावोगाव पोचला. त्याच्या मागोमाग पेट्याही आल्या. दवाखान्यात, सलूनमध्ये, पतसंस्थेच्या काउंटरवर त्यातल्या काही अजून आहेत. आत निळा उजेड पडतो, दोन मिनिटांनी बीप वाजतो आणि वस्तू ‘सॅनिटाइज’ झाली असं सगळे धरून चालतात. या पेट्यांवर माझा फारसा विश्वास नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

आधी मास्क कसा काम करतो ते पाहू. तो चाळणीसारखा काम करत असता तर विषाणू अडकलेच नसते. मधल्या थरातले पॉलिप्रोपिलीनचे बारीक तंतू स्थिर विद्युतभार धरून असतात. जवळून जाणारा कण त्या भारामुळे ओढला जाऊन चिकटतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे बारीक कणही शंभरातले किमान ९५ अडतात, म्हणून नाव एन-९५. साबणाच्या पाण्यात धुतला किंवा सॅनिटायझर फवारला की हा भार उतरतो. मास्क दिसायला स्वच्छ दिसतो, पण गाळायचं काम निम्म्यावर सोडून बसतो. धुणं आणि अल्कोहोल ही घराघरातली दोन साधनं अशी बाद झाली, म्हणून रुग्णालयांचं लक्ष अतिनील किरणांकडे गेलं. किरणांनी मास्क ओला होत नाही, वास राहत नाही आणि योग्य मात्रेत दिले तर विद्युतभारालाही धक्का लागत नाही.

कोणता अतिनील?

‘यूव्ही’ म्हटलं की सगळे किरण एकाच मापाचे नसतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा यूव्ही-ए, २८० ते ३१५चा यूव्ही-बी आणि २०० ते २८०चा यूव्ही-सी. मास्कच्या कामाचा फक्त शेवटचा, आणि त्यातही पाऱ्याच्या कमी दाबाच्या ट्यूबमधून निघणारा २५४ नॅनोमीटरचा. तो विषाणूच्या जनुकीय साखळीवर आघात करतो. साखळी बिघडली की विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत.

मिठाईच्या दुकानात माशांना बोलावणारी निळी ट्यूब यूव्ही-एची असते. नोटा तपासायच्या मशीनचा जांभळा दिवाही तसलाच. स्वस्त ‘सॅनिटायझर बॉक्स’मधले बरेच एलईडी याच जातीचे निघतात. यूव्ही-सी डोळ्यांना दिसतच नाही. ट्यूबमधून जी फिकट निळसर झाक दिसते ती पाऱ्याच्या उजेडाची सोबतीण. त्यामुळे निळा उजेड पाहून भरवसा ठेवणं चूक. डब्यावर तरंगलांबी २५४ छापलेली हवी आणि तीव्रता मोजून दिलेली हवी. दोन्ही नसेल तर त्या डब्यात मोबाइल ठेवा, मास्क नको.

मग ऊन? घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगावकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा जिथे जातो तिथे कुठला विषाणू टिकणार, असा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. पण सूर्याचा यूव्ही-सी ओझोनच्या थरात वरच अडतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. खाली येतो तो यूव्ही-ए आणि थोडा यूव्ही-बी. त्याने पृष्ठभागावरचे काही जंतू मरतात, घाम वाळतो; पण मास्कच्या आतल्या थराची हमी मिळत नाही, आणि रोज उन्हात टाकलेलं इलॅस्टिक लवकर सैल होतं. सूक्ष्मजीव उन्हाला किती निबर असू शकतात याचा दाखला आपल्याच लोणारने दिला. जून २०२०मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण हॅलोआर्किया हे खारट पाण्यातले सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. ती गुलाबी द्रव्यं या जीवांना अतिनील किरणांपासून वाचवतात. कोरोनाचा विषाणू इतका चिवट नाही, पण ‘ऊन लागलं म्हणजे सगळं मेलं’ हा हिशेब कच्चा आहे एवढं यावरून ध्यानात घ्या.

मिनिटं मोजू नका, मात्रा मोजा

खरी गफलत इथे होते, म्हणून जरा थांबून समजून घ्या. औषधाची गोळी किती मिलिग्रॅमची हे न विचारता नुसतं ‘दिवसातून दोनदा घ्या’ म्हणण्यासारखं ‘पाच मिनिटं यूव्हीत ठेवा’ हे वाक्य आहे. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. तीव्रता मिलीवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. तिला सेकंदांनी गुणलं की मिलीज्यूल येतात.

एन-९५साठी मान्य झालेली किमान मात्रा आहे दर चौरस सेंटिमीटरला एक ज्यूल, म्हणजे १००० मिलीज्यूल. सपाट टेबलावरचा कोरोना विषाणू यापेक्षा कितीतरी कमी मात्रेत संपतो. मास्कला एवढी जास्त लागते, कारण किरणांना तंतूंच्या जंगलातून वाट काढत आतल्या थरापर्यंत जायचं असतं आणि प्रत्येक थर त्यातला काही भाग गिळतो.

आता गणित करू. ३० वॅटची जंतुनाशक ट्यूब नवी आणि स्वच्छ असताना एक मीटरवर साधारण ०.१ मिलीवॅट तीव्रता देते. १००० भागिले ०.१ म्हणजे १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडं अधिक. तेही एका बाजूला. ट्यूब फक्त वर असेल तर मास्क उलटा करून आणखी तेवढाच वेळ. शस्त्रक्रियागृहाच्या छताला लावलेल्या दिव्याखाली टेबलावर मास्क पसरून वीस मिनिटांनी उचलणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवावा. उलट ट्यूब जवळ असलेल्या चांगल्या पेटीत तीव्रता १ मिलीवॅट मिळाली तर काम सुमारे १७ मिनिटांत होतं, अडीच मिलीवॅट मिळाली तर सात मिनिटांच्या आत. अंतर निम्मं केलं की तीव्रता चौपट होते हा शाळेतला नियम लांब ट्यूबच्या अगदी जवळ लागू पडत नाही. म्हणून अंदाज नको, २५४ नॅनोमीटरसाठी बनवलेलं मीटर हवं. ते विकत घेणं जमत नसेल तर तालुक्यातल्या चार-पाच दवाखान्यांनी मिळून घ्यावं किंवा जैववैद्यकीय उपकरणांची देखभाल करणाऱ्या अभियंत्याला बोलवून मोजून घ्यावं. रंग बदलणारी यूव्ही-सी कार्डं मिळतात. ती ढोबळ खूण म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

मोजताना पेटीच्या मध्यावर एकदाच मीटर धरून समाधान मानू नका. चारही कोपऱ्यांत धरा आणि सगळ्यात कमी आकडा निघेल त्यावर वेळ ठरवा. पुढे दर महिन्याला पुन्हा मोजा. ट्यूब पेटते आहे म्हणजे काम करते आहे असं नसतं. तिचा यूव्ही-सी हळूहळू घटतो आणि साधारण आठ-नऊ हजार तासांनी ती बदलावीच लागते. ट्यूबवर बसलेली धूळ आणि बोटांचे ठसेही किरण अडवतात. ट्यूब बंद आणि थंड असताना अल्कोहोलने पुसा. विजेचा दाब पडला तर तीव्रताही पडते, आणि लाइट गेली तर टायमर कुठे थांबला होता हे आठवण्याच्या भानगडीत न पडता पूर्ण फेरी पुन्हा द्या. जास्तीच्या फेरीने मास्कचं नुकसान नगण्य असतं. अमेरिकेच्या नायॉश संस्थेने २०१५मध्ये १२० ते ९५० ज्यूल इतक्या प्रचंड मात्रा देऊन पाहिल्या, तेव्हा गाळण्याची क्षमता फारशी ढळली नाही, कापडाची ताकद मात्र मोठ्या मात्रांना घटली. आपल्या एक ज्यूलच्या मानाने हे आकडे शंभरपट आणि हजारपट आहेत.

पेटी

मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा इथल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने मास्कसाठी जी पद्धत बसवली ती अजूनही नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. खोलीत तारा बांधल्या, त्यांवर मास्क एकमेकांना न लागता टांगले, दोन्ही बाजूंना यूव्ही-सीचे मनोरे उभे केले आणि भिंतींना किरण परतवणारा लेप दिला. प्रत्येक मास्कवर मालकाचं नाव होतं आणि तो कागदी पिशवीतून त्याच माणसाकडे परत जायचा. आपल्याकडे एप्रिल २०२०मध्ये मुंबईच्या नौदल गोदीने एका मोठ्या खोलीत अॅल्युमिनियमचे पत्रे आणि यूव्ही-सी दिवे लावून हत्यारं, कपडे वगैरे सामान निर्जंतुक करायचा कक्ष उभारला. करंजाच्या नौदल तळावर त्याच्या जोडीला ६० अंशांची भट्टीही होती.

गोदीने अॅल्युमिनियम घेतलं यात मोठी समज आहे. अॅल्युमिनियम यूव्ही-सी चांगला परतवतं. स्टीलची पेटी डोळ्यांना चकाकते, पण या किरणांतला जेमतेम पाव भाग परत फेकते. काचेचा आरसा तर साफ निरुपयोगी, कारण साधी काच २५४ नॅनोमीटर गिळून टाकते. भिंतीचा पांढरा रंगही बहुतेक गिळतोच. तेव्हा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पेटी करून घेणार असाल तर आतून अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही बाजूंना ट्यूब आणि मध्ये मास्क टांगायला बारीक तार, एवढं ठरवून सांगा. दार उघडलं की दिवा आपोआप बंद होईल असा स्विच लावल्याशिवाय पेटी ताब्यात घेऊ नका.

सावली हा या सगळ्या पद्धतीचा शत्रू आहे. जिथे किरण पोचत नाही तिथे जंतू जिवंत. एकावर एक ठेवलेले मास्क, घडी न उघडलेला मास्क, नाकाच्या धातूच्या पट्टीमागचा भाग, झडपेच्या आतली बाजू या सावलीच्या जागा. झडपेचा मास्क तर मुळातच घेऊ नका; बाहेर जाणारा श्वास तो गाळत नाही, आणि केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२०मध्ये राज्यांना पत्र लिहून त्याबद्दल बजावलं होतं. इलॅस्टिकचे पट्टे पिळतात, त्यामुळे त्यांवर किरण सारखे पडत नाहीत. पट्टे निर्जंतुक द्रवाने वेगळे पुसावे लागतात, द्रव मास्कच्या कापडाला न लावता. पावडर, क्रीम, लिपस्टिक, तंबाखूचे डाग, घामाचा थर हेही किरण अडवतात. रक्त किंवा थुंकी उडालेला मास्क पेटीपर्यंत नेऊच नका, थेट टाका.

दिव्यापासून स्वतःला सांभाळा

जंतूंना मारणारा किरण डोळ्यांना आणि कातडीलाही सोडत नाही. २५४ नॅनोमीटरसाठी माणसाची आठ तासांची सुरक्षित मर्यादा आहे ६ मिलीज्यूल. वरच्याच ३० वॅटच्या ट्यूबखाली एक मीटरवर ही मर्यादा एका मिनिटात ओलांडली जाते. त्रास लगेच होत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. वेल्डिंगवाल्यांना हा अनुभव नवा नाही. तेव्हा पेटत्या ट्यूबकडे पाहणं नाही, हात घालून मास्क फिरवणं नाही, आणि बाजारातली यूव्हीची कांडी हातात धरून घरभर फिरवणं तर नाहीच. पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही ट्यूब काढून बुटांच्या खोक्यात बसवायचा जुगाडही करू नका.

दिव्याजवळ उग्र, तिखट वास येत असेल तर ट्यूब ओझोन सोडते आहे. खोली हवेशीर करा आणि ‘ओझोनमुक्त’ ट्यूब आणा. ट्यूब फुटली तर तिच्यात पारा असतो. झाडूने लोटू नका. खिडक्या उघडून बाहेर या, थोड्या वेळाने हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे उचला आणि घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करा.

पेटीतून निघाला तरी तो जुनाच

अतिनील किरण जंतू मारतात. सैल झालेलं इलॅस्टिक घट्ट करत नाहीत आणि वाकलेली पट्टी सरळ करत नाहीत. टंचाईच्या काळात अमेरिकेच्या सीडीसीने एक मास्क साधारण पाच वेळांपेक्षा जास्त घालू नये असं सुचवलं, ते याच कारणाने. एक ज्यूलच्या कितीतरी फेऱ्या कापड सोसतं, पण मास्क काढता-घालताना चेहऱ्यावरची त्याची बैठक बिघडत जाते. म्हणून मास्कच्या कडेला मालकाचं नाव लिहा आणि प्रत्येक फेरीला एक रेघ मारा. एकाचा मास्क दुसऱ्याला देऊ नका, कारण तो पहिल्या चेहऱ्याच्या आकाराला बसलेला असतो. घातल्यावर दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाजवळ किंवा गालाजवळ हवा निसटली, चष्म्यावर वाफ आली, तर पट्टी दाबून पुन्हा पाहा. तरीही गळत असेल तर रेघा कितीही कमी असोत, तो मास्क संपला. दाट दाढीवर एन-९५ नीट बसत नाही, हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण ते खरं आहे.

क्षयरोग विभागात काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं, कारण कोरोना ओसरला तरी त्यांचा मास्क सुटलेला नाही. क्षयाचे जंतू हवेतून श्वासावाटे शिरतात. मास्कला हात लावल्याने क्षय होत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी यूव्ही पेटीपेक्षा मास्क कोरडा, न चुरगळलेला आणि घट्ट बसणारा असणं महत्त्वाचं. काम संपलं की नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत टांगा. प्लॅस्टिकची पिशवी नको. तिच्यात श्वासाची ओल कोंडते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. बुरशीचे बीजाणू विषाणूंच्या मानाने यूव्हीला बरीच कमी दाद देतात, तेव्हा बुरसट मास्क पेटीत घालून वाचवायचा प्रयत्न व्यर्थ आहे.

खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमध्ये किंवा मार्केट यार्डात धान्याच्या धुळीत काम करणाऱ्यांनी पेटीचा विचारच सोडावा. त्यांच्या मास्कमध्ये अडकतो कापसाचा बारीक तूस आणि माती. दिव्याने ती मरत नाही की उडत नाही. श्वास ओढायला जड जाऊ लागला की मास्क बदलायचा, इतका साधा नियम. फवारणीचं प्रकरण आणखी गंभीर. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण पाहिलं आहे. एन-९५ कीटकनाशकाची वाफ अडवत नाही, आणि मास्कवर बसलेलं विष यूव्हीने निघेल अशी हमी नाही. फवारणीला रसायनासाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि फवारणीत वापरलेला एन-९५ नंतर दवाखान्यात घालून जाणं हा आत्मघात आहे.

घरी? घरी यूव्ही नको. पाच मास्क घ्या, पाच कागदी पिशव्यांवर वार लिहा आणि आलटून पालटून वापरा. सीडीसीने टंचाईत हीच पद्धत सुचवली होती. वापरलेला मास्क चार दिवस सावलीत, वाऱ्यावर, कोरडा पडून राहतो, आणि तेवढ्यात कोरोनाचा विषाणू आपोआप निकामी होतो. वीज लागत नाही, डोळे जात नाहीत.

खर्चाचाही विचार करा. ऑक्टोबर २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने एन-९५च्या किमतीवर प्रकारानुसार १९ ते ४९ रुपयांची मर्यादा घातली. एवढ्या किमतीची वस्तू वाचवण्यासाठी ट्यूब, मीटर, वीज आणि एका प्रशिक्षित माणसाचे तास खर्ची घालणं शांततेच्या काळात परवडत नाही. पुरवठा सुरळीत झाल्यावर अमेरिकेच्या एफडीएनेही २०२१च्या जूनअखेरीस मास्क निर्जंतुक करणाऱ्या यंत्रणांच्या तातडीच्या परवानग्या मागे घेतल्या. ग्रामीण रुग्णालयांनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी आज करायचं काम निराळं आहे: मास्कचा काही आठवड्यांचा साठा हाताशी ठेवायचा, घेताना पाकिटावर आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि मुदत पाहायची, आणि पेटी असेल तर तिची तीव्रता मोजून तारखेसह तिच्या दारावर लिहून ठेवायची. पुढच्या टंचाईत शोधाशोध करायला वेळ नसेल.

मुदत संपलेला, गळका किंवा डागाळलेला मास्क रुग्णालयात पिवळ्या पिशवीत टाका. घरातला मास्क किमान ७२ तास कागदी पिशवीत ठेवा, मग कात्रीने पट्टे आणि कापड कापून सुक्या कचऱ्यात द्या. कापायला विसरू नका. अखंड टाकलेला मास्क इस्त्री होऊन पुन्हा विकायला येऊ शकतो.